उत्तराकाकूचा लोड

गाडी आचके देत होती हे खरं. पण ती उत्तराकाकू बसली की देते, हे बोलून दाखवायची गरज नव्हती. गंधालीने ते बोलून दाखवलं.

फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली गंधाली मुलुंडला काका-काकूंकडे राहत होती. रविवारी तिघं नात्यातल्या निहारच्या केळवणाला बोरिवलीला निघाली. नंदकुमारकाकांची जुनी गाडी तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना चढावर फटफट करत थरथरली आणि बंद पडली.

"इग्निशन कॉइल," गंधाली म्हणाली. "प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देते ती. सपाटीवर चालून जातं. लोड आला की मिसफायर."

मागच्या सीटवरून काकू पुढे झुकली.

"लोड," काकू म्हणाली. "म्हणजे मी?"

"अगं, इंजिनवरचा..."

"काल चढली ना व्यवस्थित? काल कोण नव्हतं गाडीत?"

"तू," गंधाली म्हणाली. विचारलं की खरं सांगायची तिला खोड होती.

काकू पैठणी सावरत उतरली. "जा तुम्ही केळवणाला. लोड घरीच बरा. शेजारी तक्क्या ठेवा म्हणजे झालं."

"काकू, यार, लोड नको ना घेऊस!"

यानंतर काकू गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन बसली ती बसलीच.

गंधालीला वाटलं, पुराव्यापुढे कोणाचं काय चालणार? काकूशिवायही गाडी बंद पडते हे दाखवलं की झालं. तिने गाडी उतारावरून मागे घेतली आणि शेवग्याच्या शेंगेसारख्या काकांना मागे बसवलं. गाडी झकास वर आली. शेजारी वॉचमनलाही बसवलं, तरी आली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या सुयोगला झोपेतून उठवून कोंबलं. गाडी फटफटली, थरथरली, बंद पडली.

"बघ काकू! बंद पडली!" गंधाली आनंदाने ओरडली.

"बघितलं," काकू म्हणाली. "म्हणजे मी एकटी या तिघांएवढी."

सुयोग हसला. वॉचमनने खोकल्याचं निमित्त केलं.

गंधालीने बॉनेट उघडलं. चार कॉइल्सपैकी तीन काळ्या होत्या, एक निळी चकचकीत.

"काका, ही कुठली?"

"ऑनलाइन मागवली. जास्त पॉवर देते म्हणे," काका पुटपुटले.

"आणि जुनी खराब झाली होती?"

"छे! उत्तम होती. कपाटात आहे."

जुनी काळी कॉइल खाली आली. गंधालीने निळीचा सॉकेट काढला, बोल्ट सोडवला, कॉइल उपसून काढली आणि काळी बसवली.

"काकू, शेवटचा प्रयोग. तुझ्याशिवाय पुरा नाही होणार."

"आणि पडली बंद तर?"

"तर मी बोरिवलीपर्यंत चालत जाईन."

एवढं मिळणार म्हटल्यावर काकू उठली. मागे काकू, काका आणि सुयोग, पुढे वॉचमन. गाडी हूं की चूं न करता वर आली.

"म्हणजे दोष कॉइलचा," काकूने निकाल दिला, "आणि ती आणणाऱ्याचा. चला, जेवणं थांबली असतील."

सुयोग आणि वॉचमन उतरले. गंधाली निळी कॉइल कचऱ्यात टाकायला निघाली, तसा काकूने हात पुढे केला आणि ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

"ती कशाला आता?"

"परत येताना चेतनावन्सं राहायला येणार आहेत ना आपल्याबरोबर, याच गाडीतून," काकू गोड आवाजात म्हणाली. "रस्त्यात कुठे चांगला चढ आहे गं?"