शालूकाकी फायर

शालूने सालवडच्या खानावळीत कामाला जाणं तिच्या नवऱ्याला, उमरोळीच्या तात्यांना, मुळीच पसंत नव्हतं.

"घरची वाडी हाय, चिकू हायत. आणि तू परक्या पोरांना रांधून घालनार?"

"चिकू काय बोलत नाय," शालू म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

खानावळ किंजलची. जेवायला बोईसरच्या कारखान्यांतली तरुण मुलं. शालूकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून किंजलने खानावळीच्या ग्रुपवर तात्यांचाच नंबर घातला होता.

पहिल्याच दिवशी शालूने उकडहंडी केली. वालपापडी, कंद, रताळी, वर ओल्या खोबऱ्याचा मसाला. झाकण काढलं तशी वाफ थेट पत्र्याला भिडली. हर्षित नावाच्या नव्या इंजिनिअरने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि ओरडला, "काकी, फायर!" मग वाफेतल्या शालूचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

शालूला काही कळेना. तिने वाढता वाढता त्याच्या शेजारी बसलेल्या प्रदीपला हळूच विचारलं, "फायर म्हंजे काय रे?"

प्रदीप कारखान्यात क्रेन चालवायचा. तो मान वर न करता म्हणाला, "कामावरून काढणं. आमच्याकडे परवाच चौघांना फायर केलं."

शालूच्या हातातला डाव थांबला. पहिल्याच दिवशी! मीठ जास्त झालं असेल, की कंद खाजरा निघाला? विचारायची लाज वाटली. उरलेलं मुकाट्याने वाढलं, पिशवी उचलली आणि बाहेर पायरीवर जाऊन डोळ्यांना पदर लावला.

इकडे तात्या चिकूंना पाणी सोडत होते. फोन वाजला. फोटोत धुरात हरवलेली शालू, खाली 'शालूकाकी फायर!!!' आणि आगीच्या ज्वाळांची चित्रं. तात्यांची सारी नोकरी कारखान्याच्या आग विझवणाऱ्या पथकात गेलेली. त्यांच्या लेखी या शब्दाला एकच अर्थ होता. किंजलला फोन लावला, ती उचलेना. मग पंप तसाच चालू टाकून, बनियन आणि गमबुटांवरच त्यांनी स्कूटर काढली. घरातला आग विझवायचा लाल सिलिंडर पायांत धरला आणि सालवडपर्यंत एकसारखा हॉर्न वाजवत आले.

"कुठं भाजलं?" पायरीवरच्या शालूला त्यांनी दरडावून विचारलं.

"भाजलं नाय. काढलं मला."

"कुणी काढलं? आगीतनं?"

"कामावरनं हो!"

आग नाही म्हटल्यावर तात्यांचा जीव खाली पडला, पण लगेच डोकं तापलं. सिलिंडर काखेत मारून ते आत शिरले. जेवणारे ताटं घेऊन भिंतीला चिकटले.

"आग किधर है, चाचा?" एकाने घाबरून विचारलं.

"पहिल्याच दिवशी मानसाला काढता? काय चुकलं तिचं?"

"कोणी काढलं?" किंजल पुरती गोंधळली.

हर्षितने भीतभीत हात वर केला. "काका, फायर म्हणजे भारी. एकदम झकास."

"मला इंग्रजी शिकवतोस? आयुष्य गेलं माझं फायरमधी!"

किंजलने फोनवर शब्दकोश उघडला आणि मोठ्याने वाचलं, "आग. बंदूक झाडणे. नोकरीवरून काढणे." पुन्हा वरखाली पाहून ती म्हणाली, "हर्षित, झकास कुठेच नाही रे."

"शब्दकोश जुना असेल," हर्षित पुटपुटला.

"मग शब्द नवा कशाला वापरता?" तात्या कडाडले.

शालू दारात येऊन उभी होती. तिने कोणाकडेच पाहिलं नाही, थेट हंडीत डोकावली. तळाला चिकटलेला मसालासुद्धा कोणीतरी पोळीने पुसून नेला होता.

"तुला म्हनून ठेवली होती, ती पन पोरांनी खाल्ली?" तिने किंजलला विचारलं.

किंजलने ओशाळून मान डोलावली.

शालूला हसू फुटलं. तात्यांना मात्र हसावं की रागवावं ते ठरवता येईना. त्यांनी सिलिंडर कोपऱ्यात टेकवला, आणि आपण बनियनवर आहोत हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

"काकी, मग आवडलं की काय म्हणायचं आम्ही?" हर्षितने विचारलं.

"बोलायचं कायच नाय. ताट पुढं करायचं. मला कळतं."

त्याने लगेच ताट पुढं केलं. हंडी तर रिकामी. शालूने पिशवी खुंटीला अडकवली आणि कांदा चिरायला घेतला.

"दोन ताटं धर," तात्या मुलांच्या पंगतीत बसत शालूला म्हणाले. "मी पन उपाशीच हाय."