'येते' म्हणून निघालेली बॅग

मी बॅग बोलतेय. निळी, चाकांची, त्यातलं एक चाक कायमचं रुसलेलं. ताईने मला धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला घेतलं, "कुठेतरी फिरून ये" म्हणून. फिरणं कसलं! ही धाकटी, माझी मालकीण, चष्म्याच्या दुकानात कामाला. यायला जरा उशीर झाला की नवरा दारातच उलटतपासणी घ्यायचा. मग ती पलंगाखालून मला ओढायची, कपडे भरायची आणि पुन्हा तिथेच ढकलायची. "निघूया का गं?" असं मलाच विचारायची. तिच्या मनातलं फक्त मला ठाऊक होतं, याचा मला भारी तोरा होता.

एका दुपारी आम्ही खरंच निघालो. पण दारात सवयीने तिच्या तोंडून गेलंच, "येते." टीव्हीवरची नजरही न काढता नवरा हसला. "येशीलच!"

नव्या खोलीत तो शब्द तिच्या मानगुटीवर बसला. ती मला रिकामी करेना. एक ड्रेस काढायचा, धुवायचा, घडी करून परत माझ्यातच ठेवायचा. मी खूश होते. मग ताईने स्वतःचं जुनं आरशाचं कपाट आणून दिलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

ती त्या आरशासमोर निवांत केस विंचरू लागली, कोपरांना क्रीम चोळू लागली. पोहायला शिकायला जाऊ लागली. निघताना आरशातल्या स्वतःला म्हणायची, "येते हं!" इतकी वर्षं साथ दिली मी, आणि 'येते' त्या आरशाला! मी जळून कोळसा झाले. तिने पुन्हा घाबरावं, मलाच कवटाळावं, असं वाटायचं मला.

एका रविवारी नवऱ्याचा फोन आला. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "झालं ना नाटक करून? 'येते' म्हणाली होतीस. ये आता."

फोन कानाला तसाच धरून तिने मला ओढून बाहेर काढलं. माझी चेन तर आनंदाने सुटली!

"सवयीने म्हणाले," ती फोनवर म्हणाली. "'जाते' म्हणायचं होतं. जाते."

फोन ठेवून तिने माझ्यातला एकेक कपडा कपाटात लावला.

आता मी रिकामी, त्याच मेल्या कपाटाच्या डोक्यावर बसलेय. खाली आरसा मिरवतोय. बाई गं, एकदा मला खाली घे. ताई म्हणाली होती तशी कुठेतरी फिरायला चल. निघताना त्या आरशाला खुशाल 'येते' म्हण. मी जळेन, पण तुला इथेच परत आणेन.