सासूच्या कानाची तपासणी

"कागद नाही तर मासळी पलीकडे नाही," नाक्यावरचा साहेब म्हणाला.

"वीस वर्षं नेतेय की हो. तुम्ही रांगत असाल तेव्हा," म्हणत सासूने डोक्यावरची टोपली उतरवली. मागे सून उभी होती.

"आता योजना आलीय, मावशी. बायकांच्या भल्याची."

भल्याचीच होती. इतकी वर्षं या बायका सकाळी पूल ओलांडून पलीकडच्या देशात सुकी मासळी विकायच्या आणि दुपारी चुलीपुढे हजर व्हायच्या. एवढ्या सोप्या कामात त्यांचं भलं करायचं बिचाऱ्या सरकारकडून राहूनच गेलं होतं. आता मंडप होता, टेबल होतं, तीन रंगांचे शिक्के होते. फक्त मासळी किती सुकलीय ते सांगणारं यंत्र बंद होतं.

"दुरुस्तीवाला कधी येणार?"

"सोमवारी."

आज गुरुवार. पलीकडची घाऊकवाली आठवड्यातून एकदाच यायची आणि दुपारपर्यंतच थांबायची. आज रिकामी परतली, तर पुढच्या वेळी ती दुसऱ्या गावाकडून माल उचलणार, हे सासूला पक्कं ठाऊक होतं.

तिने रांगेतल्या शेजारणीच्या टोपलीतला मासा उचलला आणि साहेबाच्या कानाशी नेऊन मोडला. कट्!

"ऐकलंत? हा सुकलेला. ओला असता तर नुसता वाकला असता."

साहेबाने वर फोन लावला. वरच्यांना कल्पना फार आवडली, कारण तिला खर्च नव्हता. सासूला खुर्ची मिळाली, गळ्यात 'तज्ज्ञ महिला' अशी पट्टी आली. मानधनाचं म्हणे नंतर बघू.

अकरा टोपल्या सासूच्या कानाने पास केल्या. बारावी तिची स्वतःची.

"स्वतःचा माल स्वतः तपासता येणार नाही," साहेब म्हणाला.

"मग ही तपासेल. माझी सून. मीच तयार केलीय."

सुनेने वरचा मासा मोडला. कट्. दुसरा मोडला. कट्. मग तिने हात थेट तळाशी घातला.

"खालचं कशाला उपसतेस? वेळ बघ किती झाला," सासू दातांतल्या दातांत म्हणाली.

"तुम्हीच शिकवलंय ना, आत्या? वरचे सगळ्यांचेच सुकलेले असतात."

तळातला मासा निमूटपणे वाकला, पार डोकं शेपटीला लागेपर्यंत. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

सासू उठली. तिने ओले मासे पदरात काढून घेतले. अर्धी टोपली उरली. तिच्यावर शिक्का बसल्यावर तिने ती सुनेच्या डोक्यावर ठेवली.

"मी एकटी जाऊ?" सुनेने विचारलं.

"मग? एवढे कान तिखट झालेत तर पायही चालतील."

"आणि अर्धीच का आणली, म्हणून घाऊकवालीने विचारलं तर?"

सासूने गळ्यातली पट्टी नीट केली.

"सांग, आमच्याकडे आता फार कडक तपासणी असते. आणि म्हणूनच दरही जरा चढा आहे."