एकच चिन्ह बदला

सरांनी उत्तरपत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. समोरच्या बाई काही हलायला तयार नव्हत्या.

"उत्तर चूक आहे म्हणून फुली मारली," ते म्हणाले. "तुमच्याशी माझं काही वैर नाही."

"तसं कुठे म्हणतेय मी? एकदा कॉम्प्युटरवर चालवून बघा, एवढंच."

वर्गात त्यांना सगळे ताई म्हणत. चाळिशी ओलांडलेली. क्लासच्या बरोबर खाली त्यांचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. दुपारी दोन तास शटर ओढून त्या वर येत आणि पहिल्या बाकावर बसून सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकत. शेवटच्या परीक्षेत पहिला येणाऱ्याला सर एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत शिकाऊ उमेदवारीसाठी पाठवत. जागा एकच. ताई दोन गुणांनी मागे राहिल्या होत्या, आणि फुली पडलेलं कोडं पाच गुणांचं होतं.

कोडं सरांचं लाडकं. मुळात एवढंसं:

for (i = 0; i < n; i--) printf("*");

n म्हणजे वीस. वीस तारे छापायचे आहेत, पण मोजणारा i शून्यापासून वर चढायचा सोडून खाली उतरत जातो, वीसपेक्षा लहानच राहतो, आणि तारे थांबायचं नाव घेत नाहीत. यात एकच चिन्ह बदला किंवा एकच वाढवा, आणि बरोबर वीस तारे छापून दाखवा. सर एकोणीस वर्षं हे कोडं घालत होते. उत्तरं दोन. i च्या जागी n ला उतरवायचं, हे बऱ्याच जणांना जमे. मधल्या अटीतल्या i च्या आधी एक उणे लावायचं, हे वर्षाकाठी एखाद्यालाच. त्या दिवशी सर शीळ घालत घरी जात. क्लासच्या पुस्तिकेत दोन्ही उत्तरं छापलेली होती आणि खाली सरांनीच लिहिलं होतं, 'तिसरं नाही.'

ताईंनी 'पेक्षा लहान'चं चिन्ह खोडून तिथे अधिक केलं होतं. i + n. अटीच्या जागी चक्क बेरीज. तुलनाच नाही, तर थांबणार कधी? सरांनी पुढे न वाचता फुली ओढली होती.

आता त्यांनी मशीन पुढ्यात घेतलं. ताईंचं उत्तर जसंच्या तसं टाइप केलं, कळ दाबली, आणि तारे थांबवायला बोट तयार ठेवलं.

एक ओळ उमटली आणि थांबली.

पेनाचं टोक काचेवर टेकवत सरांनी तारे मोजले. वीस. n ला सात केलं, सात आले. एक केलं, एकच आला. मग ते पडद्याकडे बघत मनातल्या मनात बेरजा करू लागले. शून्य आणि वीस, बेरीज वीस. उणे एक आणि वीस, एकोणीस. अशी एकेक पायरी खाली, आणि उणे वीसला बेरीज शून्य. तिथे गाडं आपोआप उभं.

"हे सुचलं कसं तुम्हाला?"

"तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत की. या भाषेत शून्य तेवढं खोटं, बाकी सगळं खरं. अट खोटी झाली की फेरे थांबतात. वहीत आहे माझ्या." त्या जरा ओशाळून हसल्या. "आणि आमच्या धंद्यात कमीत कमी उसवायचं असतं. गिऱ्हाइकाचा कपडा, आपला नाही."

सर उठले. पॅसेजमधला निकालाचा कागद त्यांनी काढून आणला, आणि उभ्याउभ्याच कंपनीत फोन लावला.

"काल नाव कळवलं होतं, ते बदलावं लागेल. नाही, त्या मुलीची काही चूक नाही. तपासण्यात चूक झाली. माझ्याकडून."

पहिली आलेली मुलगी, औषधाच्या दुकानात काम करणारी, दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. सरांनी फोन ठेवला, तेव्हा तीच आत आली, पडद्यासमोर वाकली आणि ती ओळ वाचत राहिली. बराच वेळ. एकदा तिची बोटं वळली, सुटली, पुन्हा वळली. ती मोजत होती.

"भारी आहे हो, ताई," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण म्हणाली. मग बॅग खांद्याला लावून जिन्याकडे गेली.

ताई तिच्या मागे दोन पावलं गेल्या आणि परतल्या.

"तिला परत परीक्षेला बोलावून घ्या ना, सर. पुढच्या वेळी तरी."

"घेतो. उद्याच बोलतो तिच्याशी."

सरांनी पुस्तिका उघडून 'तिसरं नाही' ही ओळ खोडली. समासात i + n लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात.

ताई अजून पडद्याकडेच बघत होत्या.

"सर, चौथं असेल का हो?"

एकोणीस वर्षं या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. पुढच्या बॅचची मंडळी दारात जमू लागली होती. सरांनी त्यांना हातानेच जरा थांबायला सांगितलं, आपली खुर्ची ताईंना दिली, बाकाजवळचं स्टूल ओढून शेजारी बसले आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.