शिंपीबुवांनी आत घेतलेलं अंतर

शिंपीबुवा एका बैठकीत अकरा तास बसू शकत. कुणाच्या तरी लग्नाचा कोट ऐन वेळी शिवताना हा विक्रम झाला होता, आणि नंतर त्यांच्या पाठीने आठवडाभर असहकार पुकारला होता. तेव्हापासून अकरा तास ही त्यांची लक्ष्मणरेषा.

आणि लेकीच्या गावाला जाणारं विमान चौदा तास दहा मिनिटं घेत होतं! नात आठ महिन्यांची झाली, तरी आजोबांनी तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं.

"मी शुक्रवारी निघतेय," बायकोने जाहीर केलं. "तुम्ही येताय की नाही, ते उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. तिकिटं काढायचीत."

झालं. बुवांची पंचाईत झाली. नातीसाठी जीव तुटत होता, पण त्या बंद नळकांड्यात चौदा तास? विमानवाले सैल माप घेत असणार, नीट मोजलं तर सव्वातीन तास सहज आत घेता येतील, असं त्यांना मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला ते टेप घेऊन दुकानातल्या टेबलाशी बसले.

आधी जगाचा नकाशा पसरला. दोन्ही विमानतळांवर टाचण्या, मध्ये खडूची सरळ रेघ. बावीस इंच. मग चूक लक्षात आली. ढेरपोट्या गिऱ्हाइकाचं माप नुसतं समोरून घेतलं की पँट फसते, हे ज्याला तीस वर्षं माहीत, त्याने पृथ्वीला सपाट समजावं? बुवा स्वतःवरच उखडले. बायकोने लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढून दिला. त्यावर टेप आडवी फिरवली, तिरपी फिरवली, आणि पार वरून, बर्फाजवळून नेली तेव्हा ती चक्क दोन इंच कमी भरली!

बुवांनी लगेच तिकीटवालीला फोन लावला. "अहो, विमान वरून न्या ना!"

"काका, ते वरूनच जातं. तेच धरून चौदा तास दहा मिनिटं."

"दुसरं काही?"

"येताना वारा मागून असतो. येताना बारा तासच लागतात."

"मग आम्हाला येतानाच्या विमानाने पाठवा!"

"त्यासाठी आधी तिकडे जावं लागतं, काका."

हिला धंदा कळत नाही, असं ठरवून बुवा पुन्हा मोजायला लागले. दुपारचं ताट टेबलावरच आलं. जेवून बसल्या जागी एक डुलकी झाली. नातीचा रांगतानाचा व्हिडिओ सहा वेळा पाहून झाला. मग उरलेले समुद्र मोजले.

आठ वाजून दहा मिनिटांनी बायको दारात येऊन उभी राहिली. "काय ठरलं?"

"अशक्य आहे," बुवा म्हणाले. "अकरा तासांच्या वर माणूस एका जागी बसूच शकत नाही."

"सकाळी किती वाजता बसलात?"

बुवांनी घड्याळ पाहिलं. बोटांवर मोजलं. परत मोजलं.

"दोनदा बाथरूमला उठलो होतो," ते पुटपुटले.

"विमानात असतं ते."

बुवांनी टेप गुंडाळून ठेवली. मग डोळे पुसत त्यांनी लेकीला फोन लावला.

"पोरीला विकतचे फ्रॉक घेऊ नकोस," ते म्हणाले. "माप घ्यायला मी येतोय."