साहेबांचा हिरवागार सांधा

माझं काम तोडायचं. बांबूचा सांधा चाचणीच्या चौकटीत बसवायचा, वर वाळूची पोती रचत जायची आणि तो कधी मान टाकतो ते बघायचं. पण आमच्या संशोधन केंद्रात तोडायलाच बंदी आहे. तुटलेला सांधा पाहुण्यांना काय म्हणून दाखवायचा?

केंद्राचे प्रमुख, म्हणजे आमचे साहेब, निसर्गावर जीव ओवाळून टाकतात. राहतात मात्र सिमेंटच्या टोलेजंग इमारतीत. ओला बांबू बांधला तर वाळताना आकसतो आणि दोरी ढिली पडते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. पण वाळलेला बांबू पिवळा दिसतो, फोटोत आजारी वाटतो. म्हणून शाळेच्या नव्या छपराला त्यांनी ताजा, हिरवागार बांबू लावला. वरून वार्निश. काय ती दूरदृष्टी!

त्या छपराखाली माझी थोरली बहीण सोमवारपासून पहिलीचा वर्ग भरवणार होती. मी तिला सावध केलं.

"झालं! टाकलास दुधात मिठाचा खडा," ताई म्हणाली. "पोरं किती खूश आहेत माहितीये?"

छपरातल्यासारखाच, त्याच वेळी बांधलेला एक सांधा आमच्या चौकटीत शोभेला ठेवला होता. त्याच्यावर पोती नव्हती, फुलांच्या कुंड्या होत्या. पाहणीच्या दिवशी पाहुणे आले, शाळेतर्फे ताईही आली. साहेबांचं भाषण रंगात आलं, तसं मी कुंड्या उतरवल्या आणि पोती चढवायला घेतली.

"अहो, हे काय चाललंय?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"माझं काम, सर."

पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता साहेबांना मला हाकलताही येईना. ठरलेल्या वजनाच्या निम्मंही चढलं नव्हतं, तोच दोरीतून बांबू सरकला आणि पोती धाडकन खाली आली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग ताईचा चेहरा दिसला आणि तो आनंद कुठल्या कुठे पळाला.

"आमच्या छपराला हाच बांबू आहे?" तिने साहेबांना विचारलं.

"अहो बाई, शाळेच्या छपरावर पोती कोण चढवणार आहे?" साहेब हसले. "उगाच घाबरू नका."

"बरं. मग सोमवारी तुम्ही खाली बसा, मी वर चढते."

पाहुणे खो-खो हसले. ताई हसली नाही. साहेबांनी घाम पुसला आणि छप्पर उतरवून घेतो म्हणाले, तेही चारचौघांत.

बाहेर पडल्यावर ताईने माझा हात धरला. मला वाटलं, आता पाठ थोपटेल.

"पोरांना मी सांगितलं होतं गं," ती म्हणाली, "छप्पर तुमच्या मावशीने तपासलंय, बिनधास्त बसा."