हजेरी कारकुनाचं भाषण

बाटल्यांच्या कारखान्यात कोणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण हजेरी कारकुनाचंच. माणूस बघून बोलावं, हे त्याचं सूत्र. साहेबांपुढे आकडे, पॅकिंगच्या बायकांपुढे घरातले दाखले, भट्टीवाल्यांपुढे थट्टा. आपल्या जिभेचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

म्हणूनच कारखाना कायमचा बंद करायचं ठरलं, तेव्हा मॅनेजरांनी छापील नोटीस त्याच्याच हातात दिली. "वाचून दाखवा. तुमचं ऐकतील." नोटिशीची भाषा दगडासारखी होती. भट्टीवर त्याचा थोरला भाऊ होता, एकतीस वर्षं. त्याच्या तोंडावर हे असं फेकायचं? आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगू, असं म्हणत कारकुनाने कागद खिशात घातला.

दुपारी पाळी बदलताना तो खोक्यावर चढला. फोरमनने पहिल्याच दिवशी भट्टीत डोकावून मिशा कशा भाजून घेतल्या, तिथून सुरुवात केली. हशा पिकला. मग एकेकाचं कौतुक. माणसं रंगली. आता सांगू, मग सांगू करता करता मुद्दा राहूनच गेला. इतक्या खुललेल्या चेहऱ्यांपुढे ते वाक्य कुठल्या तोंडाने बोलायचं? "बाकीचं नोटिशीत आहेच," एवढं पुटपुटून तो खाली उतरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. कागद फळ्यावर डकवून तो मागच्या दाराने घरी पळाला. भित्रा कुठला!

मागोमाग भाऊही घरी आला, हसतच. "काय बोललास रे! हसून हसून पोट दुखलं." त्याने पाण्याचा ग्लास घेतला. "उद्या माझी सकाळचीच पाळी ना? फळ्यापाशी ही गर्दी, आणि चष्मा घरी राहिलेला."

कारकुनाला थट्टा सुचेना, दाखला सुचेना.

"दादा, उद्या जायचं नाही. कारखाना बंद झाला. कायमचा."

भावाने ग्लास खाली ठेवला.

"खोक्यावर उभा होतास, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होतो," भाऊ म्हणाला. "नव्या माणसांना सांगत होतो, हा माझा धाकटा भाऊ."